आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयातून काम कसं करून घ्यावं

आमदारांचं पत्र हातात पडलं की काम झालं, असं समजून लोक निवांत होतात आणि दोन महिन्यांनी "साहेबांच्या पत्रालाही कोणी विचारत नाही" म्हणत परत येतात. बहुतेक वेळा गोष्ट वेगळीच असते. पत्र चुकीच्या खात्याला गेलेलं असतं, नाहीतर नेमकं काय करायचं हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून कळलेलं नसतं, नाहीतर ते आवक विभागात पडून असतं आणि त्याचा नंबर अर्जदाराकडे नसतो. या तिन्हींचा बंदोबस्त आपल्याला करता येतो.

आधी आपला मतदारसंघ पक्का करा

पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. यातले सहा पुणे लोकसभेत येतात. खडकवासला बारामती लोकसभेत आहे आणि हडपसर शिरूरमध्ये. म्हणजे खडकवासला मतदारसंघातल्या धायरीत राहणाऱ्याने रेल्वे किंवा पीएफच्या कामासाठी पुण्याच्या खासदारांचं कार्यालय गाठलं, तर तिथून त्याला बारामतीच्या खासदारांकडे जायला सांगतील, आणि ते बरोबरच आहे.

घराजवळचं कार्यालय आपलंच असेल असंही नाही. बाणेर-बालेवाडी कोथरूड मतदारसंघात आहे, शेजारचं औंध शिवाजीनगरमध्ये. नदी ओलांडून वाकडला गेलात तर मतदारसंघ चिंचवड, लोकसभा मावळ आणि महापालिकाही पिंपरी-चिंचवडची. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दी आणि विधानसभेच्या हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे "आमचं वॉर्ड ऑफिस अमुक, म्हणून आमदार तमुक" हा हिशेब चुकतो. मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर टाका किंवा १९५० वर फोन करा. मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक दोन्ही कळतात.

घर बदललं असेल तर फॉर्म ८ भरून नाव नव्या पत्त्यावर आणा. नवीन नावासाठी फॉर्म ६. भाड्याने राहणाऱ्यांनाही हे करता येतं. बऱ्याच कार्यालयांत अर्ज घेताना संगणकावर यादी उघडून नाव पाहिलं जातं. त्यावर हुज्जत घालण्यापेक्षा फॉर्म भरणं सोपं.

विधान परिषदेचे आमदार लोक सहसा विसरतात. पुणे विभागाचा एक पदवीधर आणि एक शिक्षक मतदारसंघ आहे. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे त्यात येतात. शिक्षकांचे पगार, पदमान्यता, विद्यापीठातली रखडलेली कामं यांसाठी ही दारं जास्त उपयोगी पडतात. फक्त लक्षात ठेवा, या दोन्ही मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही.

कोणतं काम कोणाचं

कचरा, पाणी, ड्रेनेज, पथदिवे, फुटपाथ ही महापालिकेची कामं. पहिली तक्रार पुणे मनपाच्या १८०० १०३ ०२२२ या क्रमांकावर किंवा पीएमसी केअर या महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. वीज महावितरणची, तक्रार १९१२ वर. नवले पुलाच्या परिसरातला महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. तिथे आमदारांपेक्षा खासदारांचं पत्र सरळ पोहोचतं, कारण खातं केंद्राचं आहे. रेल्वे, पासपोर्ट, पीएफ, टपाल आणि संरक्षण खात्याखालचं कॅन्टोन्मेंट बोर्ड यांचंही तसंच. सातबारा, फेरफार, रेशन कार्ड, पोलीस, सरकारी दवाखाने आणि पाटबंधारे ही राज्याची खाती, म्हणजे आमदारांचं क्षेत्र.

एकाच प्रश्नात तीन खाती अडकलेली असतात तेव्हा गोंधळ होतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की सिंहगड रस्त्यावरच्या नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरतं, २०२४ च्या जुलैत एकतानगरीत शिरलं तसं. तिथे विसर्ग जलसंपदा विभाग ठरवतो, नदीपात्रातला राडारोडा आणि लोकांना हलवणं महापालिकेकडे येतं, आणि आपत्ती व्यवस्थापनाचा समन्वय जिल्हाधिकाऱ्यांकडे. अशा वेळी तिन्ही खात्यांना तीन वेगळी पत्रं मागा. तिघांना मिळून एकच पत्र गेलं की प्रत्येक जण ते दुसऱ्याचं समजतो.

मैदानातलं आणखी एक सत्य: केंद्रीय विद्यालयात प्रवेशासाठी खासदारांच्या शिफारशीचा कोटा २०२२ मध्येच बंद झाला. तरीही दर वर्षी पालक त्यासाठी खेटे घालतात, आणि एखादा मध्यस्थ "करून देतो" म्हणून पैसेही मागतो. देऊ नका.

अर्ज: एक पान, एक विषय, एक मागणी

अर्ज आमदारांच्या नावे न लिहिता संबंधित अधिकाऱ्याच्या नावे लिहा आणि खाली "प्रत: मा. आमदार" असं लिहा. असा अर्ज शिफारशीसह जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. आमदारांना उद्देशून लिहिलेल्या भावनिक पत्रावरून स्वीय सहायकाला नवं पत्र तयार करावं लागतं, आणि रोज शंभर कामं असलेला माणूस ते दोन ओळींत उरकतो. त्या दोन ओळींत तुमच्या तुंबलेल्या ड्रेनेज चेंबरचा नंबर कुठून येणार?

मजकूर साधारण असा असावा:

"विषय: धायरी येथील अमुक रस्त्यावरील ड्रेनेज चेंबर वारंवार तुंबत असल्याबाबत.
वरील रस्त्यावर अमुक सोसायटीच्या फाटकासमोरचे चेंबर जूनपासून चार वेळा तुंबले. तक्रार क्रमांक व तारखा सोबत जोडल्या आहेत. दर वेळी जेटिंग मशिनने लाइन मोकळी केली जाते व आठवड्याभरात ती पुन्हा तुंबते. लाइन सहा इंची असून तिला नव्या तीन इमारती जोडल्या गेल्या आहेत. लाइनची क्षमता तपासण्यासाठी संयुक्त पाहणी करावी व पाहणीची तारीख कळवावी."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "समस्या सोडवावी" असं लिहिलं की जेटिंग मशिन पाचव्यांदा येतं आणि "तक्रार निकाली" असा शेरा पडतो. "पाहणी करून तारीख कळवावी" यावर अधिकाऱ्याला काहीतरी लेखी द्यावंच लागतं.

सोबत तीन फोटो पुरे: एक जवळून, एक लांबून, एकात दुकानाची पाटी किंवा इमारतीचं नाव दिसेल असा. शंभर सह्यांपेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवरचं अध्यक्ष-सचिवांच्या सहीचं पत्र जास्त चालतं. प्रती तीन काढा: एक खात्याला, एक कार्यालयाला, एक पोच घेण्यासाठी.

पत्र मिळाल्यावर खरं काम सुरू होतं

आमदार अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारतात किंवा लेटरहेडवर वेगळं पत्र देतात. शेऱ्याची भाषा वाचायला शिका. "नियमानुसार उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित" म्हणजे अर्ज पुढे पाठवला, इतकंच. "पाहणी करून अहवाल सादर करावा" किंवा "अमुक तारखेपर्यंत केलेली कार्यवाही कळवावी" असा शेरा असेल तर कार्यालयही पाठपुरावा करतं. स्वीय सहायकांना नम्रपणे सांगा, "दादा, पंधरा दिवसांत कळवा, एवढं लिहून देता का?" बहुतेक जण देतात.

मग दोन नंबर मिळवा: कार्यालयाचा जावक क्रमांक आणि खात्याचा आवक क्रमांक. कार्यालयाने पत्र ईमेलने पाठवलं असलं तरी एक प्रत स्वतः क्षेत्रीय कार्यालयात नेऊन पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही तिन्ही. नुसता शिक्का असेल तर पुढे त्याचा उपयोग होत नाही. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची वेगळी नोंदवही ठेवून दोन महिन्यांच्या आत उत्तर द्यावं, असे शासनाचे आदेश आहेत. आवक क्रमांक सांगता आला की बोलणं या नोंदवहीवर येतं, तुमच्यावर नाही.

राज्य सरकारच्या कार्यालयात फाइल एका टेबलावर कामाचे सात दिवस ओलांडून राहू नये, असं २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्यात आहे. सात दिवसांची आठवण पहिल्याच भेटीत करून दिली तर समोरचा बिथरतो; महिना उलटल्यावर काढावी. तेव्हाही हाललं नाही तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. "काम का झालं नाही" असं विचारू नका, कारणं सांगण्याचं बंधन नाही म्हणून उत्तर टाळतात. विचारायचं ते असं: "आवक क्रमांक अमुकवर दिनांकनिहाय झालेली कार्यवाही, फाइल ज्या-ज्या अधिकाऱ्याकडे गेली त्यांची पदनामं आणि टिपणीच्या प्रती मिळाव्यात." प्रतींना पानामागे दोन रुपये पडतात. उत्तर न आल्यास पहिलं अपील ३० दिवसांत, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

निधी मागताना

राज्यातल्या आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात. खासदारालाही पाच कोटीच, पण त्यांना ते सहा विधानसभा मतदारसंघांत पुरवायचे असतात. म्हणून गल्लीतल्या कामासाठी आमदार निधी मागा आणि खासदार निधी मोठ्या, अनेक वस्त्यांना उपयोगी कामासाठी ठेवा. राज्यसभेचे खासदार आपल्या राज्यात कुठेही काम सुचवू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

आमदार पैसे हातात देत नाहीत, ते काम सुचवतात. सूचना जिल्हा नियोजन कार्यालयात जाते, तिथून महापालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडून अंदाजपत्रक मागवलं जातं, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश. खासदार निधीत सूचना आल्यापासून ४५ दिवसांत मंजुरी किंवा नकार कळवावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रत्यक्षात काम अडतं ते जागेवर.

ओपन जिम, अभ्यासिका किंवा ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र मागणाऱ्या सोसायट्यांचे अर्ज इथेच बाद होतात. बिल्डरने नकाशात दाखवलेली मोकळी जागा, म्हणजे ओपन स्पेस, सोसायटीची किंवा भूखंडधारकांची असते. अ‍ॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सुविधांसाठी राखलेली जागा, महापालिकेकडे हस्तांतरित व्हायची असते, पण ती प्रत्यक्षात झाली आहे का, हे कोणी पाहिलेलं नसतं. बागेसारखं कुंपण आणि महापालिकेची पाटी दिसते म्हणून जागा महापालिकेचीच असेल असं धरू नका. आधी प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा. त्यावर पुणे महानगरपालिकेचं नाव असेल तर मालमत्ता व्यवस्थापन विभागाचं ना-हरकत पत्र मागा. नाव नसेल तर आधी हस्तांतरणाचा पाठपुरावा करा, निधी नंतर. उलट क्रमाने गेलं की मंजूर झालेला निधी जागेअभावी दुसऱ्या कामाकडे वळतो, आणि मग "आमचा निधी पळवला" अशी कुरकुर.

देवळासारख्या धार्मिक स्थळांना, खासगी मालमत्तेला हा निधी वापरता येत नाही. देखभालीलाही सहसा नाही, आणि ओपन जिमची वाट तिथेच लागते. साहित्य बसवल्यावर दीड-दोन पावसाळ्यांत बेअरिंग जाम होतात, नट गंजतात, मग एखादं हँडल तुटून लटकत राहतं. ते दुरुस्त करायचं कोणी, हे कामाआधीच उद्यान विभागाकडून लेखी घ्या. काम सुरू झालं की जागेवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी असतो. त्या कालावधीत मोडलं तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, पण फलक काढून नेल्यावर कोणाला तारीख आठवत नाही.

मागणी एप्रिल-मेमध्ये द्या. जानेवारीनंतर निधी संपवण्याची घाई असते; तेव्हा तयार अंदाजपत्रक असलेलीच कामं पुढे सरकतात. आचारसंहिता लागली की प्रत्यक्ष सुरू न झालेलं काम थांबतं, मग कार्यादेश निघालेला असला तरी.

रुग्णासाठी मदत: क्रम चुकवू नका

या कामासाठी कार्यालयात सर्वाधिक धावपळ होते आणि सर्वाधिक चुकाही. बहुतेक लोक थेट मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं पत्र मागतात. ते शेवटचं पाऊल आहे.

पहिल्यांदा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा आणि उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का ते विचारा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता केशरी-पिवळ्यांसोबत पांढरं रेशन कार्डही चालतं. चौकशी १५५३८८ वर. रुग्णालय योजनेत नसेल आणि रुग्ण हलवता येण्याजोगा असेल, तर योजनेतल्या रुग्णालयाची चौकशी पहिल्याच दिवशी करा. बिल दोन लाखांवर गेल्यावर नाही. महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना वेगळी आहे. तिचं कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवायचं असतं आणि दर वर्षी नव्याने.

दुसरं, रुग्णालय धर्मादाय आहे का ते पाहा. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. अर्ज दाखल होतानाच समाजसेवा अधिकाऱ्याकडे द्या. डिस्चार्जच्या दिवशी दिलेल्या अर्जावर "आता बिल झालं" हे उत्तर मिळतं. आमदार कार्यालयातून या अधिकाऱ्याला गेलेला एक फोन पुष्कळदा पत्रापेक्षा लवकर काम करतो.

तिसरं, मुख्यमंत्री सहाय्यता निधी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. सोबत रुग्णाचं आधार, रेशन कार्ड, तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयात दाखल असतानाचा फोटो आणि सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करावं लागतं. पुण्यात त्यासाठी औंधचं जिल्हा रुग्णालय. अपघात असेल तर एफआयआरची प्रत, अवयव प्रत्यारोपण असेल तर नोंदणीचा कागद. रुग्णालय निधीच्या यादीत हवं, कारण पैसे रुग्णालयाच्याच खात्यात जातात. बिल भरून घरी आल्यावर परतावा मिळत नाही. मे २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयातही या निधीचा कक्ष आहे, त्यामुळे मंत्रालयात जायची गरज उरलेली नाही.

उत्पन्नाचा दाखला बहुतेकांकडे गेल्या वर्षीचा असतो आणि इथेच दोन दिवस जातात. घरात मोठं आजारपण असेल तर एप्रिलमध्येच नवा काढून ठेवा.

शिबिरं, मेळावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप

बहुतेक आमदारांच्या कार्यालयाचा व्हॉट्सअ‍ॅप समूह असतो आणि शिबिरांची खबर तिथेच आधी येते. कार्यालयात नंबर देऊन समूहात नाव घालून घ्या. वाढदिवसाच्या आठवड्यात तर महाआरोग्य शिबिरं, चष्मेवाटप आणि दाखल्यांची शिबिरं यांची रेलचेल असते.

दाखल्यांच्या शिबिरात दाखला मिळत नाही, अर्ज स्वीकारला जातो. पावती घेतल्याशिवाय उठू नका. त्या क्रमांकावरून आपले सरकार पोर्टलवर अर्ज कुठे आहे ते दिसतं. मुदत उलटली तर लोकसेवा हक्क कायद्याखाली तिथूनच अपील करा, त्याला कोणाच्या पत्राची गरज नाही. नॉन-क्रीमी लेयरसाठी तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे लागतात. बारावीचा निकाल लागल्यावर सेतूत झुंबड उडते, तेव्हा हे मार्च-एप्रिलमध्ये उरका.

रोजगार मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या आठ-दहा प्रती, फोटो आणि गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घ्या, मूळ कागद कोणाकडे देऊ नका. कंपन्यांची यादी आदल्या दिवशी समूहावर येते; आयटीआयवाल्यांनी चाकण-रांजणगावच्या कंपन्यांचे टेबल आधी गाठावेत, दुपारनंतर तिथल्या जागा भरलेल्या असतात. नोंदणी शुल्क मागणारा टेबल दिसला तर लगेच संयोजकांना सांगा.

समूहात फिरणाऱ्या लिंकबाबत एकच नियम पाळा: योजनेची केवायसी किंवा अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर, आणि ओटीपी कोणालाही नाही. आमदारांचा फोटो लावून बनावट निरोप तयार करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. शंका आली तर कार्यालयात फोन करून विचारा.

कायदेमंडळाच्या कामात रस असलेल्या पदवीधरांनी पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप पाहावी. वयोमर्यादा २५, आणि जवळपास वर्षभर एका खासदाराबरोबर संशोधन करायला मिळतं. मराठी मुलं यात कमी दिसतात, आणि त्याला माहिती नसणं हेच कारण असावं.

अधिवेशनात प्रश्न मांडायचा असेल तर

अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण मार्चमध्ये आणि पावसाळी जून-जुलैत, दोन्ही मुंबईला. हिवाळी डिसेंबरात नागपूरला. अधिवेशन चालू असताना आमदार शनिवार-रविवारीच पुण्यात भेटतात. तेव्हा प्रश्न घेऊन जाणं उशिराचं असतं, कारण तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर हाती उरतात लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा, म्हणजे तातडीचा विषय सभागृहात मांडण्याचे दोन मार्ग.

एका गल्लीतलं चेंबर सभागृहात जात नाही. राज्याच्या खात्याशी संबंधित आणि अनेकांना भोवणारा विषय हवा: ससून या सरकारी रुग्णालयातली रिक्त पदं, महावितरणचं उपकेंद्र, महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांचं पाणी. स्वीय सहायकांना एका पानाचं टिपण द्या. त्यात शासन निर्णयाची तारीख, माहिती अधिकारात मिळालेला आकडा आणि विचारायचे तीन प्रश्न, इतकंच. "सरकार काय करत आहे" या प्रश्नाला "कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर ठरलेलं असतं. "मंजूर पदं किती, भरलेली किती, उरलेली कोणत्या तारखेपर्यंत भरणार" असं विचारलं की मंत्र्यांना आकडा किंवा तारीख द्यावी लागते.

उत्तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येतं. त्याची प्रत काढून त्यातली तारीख कॅलेंडरवर लिहा. ती उलटली की तेच उत्तर जोडून खात्याला नवं पत्र द्या आणि त्याचा आवक क्रमांक घ्या.